एका श्वासाचा नियम

८ फेब्रुवारी

आत्या,

पायांना हात लावू देत नाहीस, म्हणून तुझ्या कीबोर्डालाच वाकून नमस्कार.

तुझी एक वस्तू मी तुला न विचारता गावभर वाटून टाकली आहे. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस ना, की कोडचा कुठलाही तुकडा एवढाच असावा की एका श्वासात मोठ्याने वाचून संपला पाहिजे, मध्ये दम लागला तर तिथेच तोड आणि दोन कर. ते मी ‘माझ्या आत्याचा एका श्वासाचा नियम’ असं लिहून कट्ट्यावर टाकलं. तू कट्ट्यावर फिरकत नाहीस म्हणून सांगते, तिथे आम्ही जगभरचे प्रोग्रॅमर एकमेकांना कोडचे तुकडे, कामाच्या युक्त्या आणि मतं देत असतो. मतं जरा जास्तच. ओळीच्या सुरुवातीला टॅब द्यायचा की स्पेस, यावरून तिथे दोन सख्ख्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

तर तुझा नियम लोकांनी डोक्यावर घेतला. एकाने छापून भिंतीवर चिकटवलाय. एकीने विचारलं, ही आत्या आहे तरी कोण? मी लिहिलं, ती रक्तपेढीचं सॉफ्टवेअर लिहिते, कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठल्या फ्रीजमध्ये आहेत हे दवाखान्यांना तिच्या कोडमुळे कळतं, माझ्या जन्माच्या आधीपासून ती हेच करते आहे, आणि ती तुमच्या सगळ्यांपेक्षा भारी आहे. शेवटचं वाक्य आगाऊपणाचं होतं, पण खोटं नव्हतं.

आता माझी फुशारकी. मी एक छोटं साधन लिहिलंय, नाव ‘नक्षी’. कोडच्या फाइलवर चालवलं की कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या, प्रत्येक फंक्शनच्या, वर आणि खाली ठिपक्यांच्या रांगोळीसारखी चांदण्यांची ओळ येते, बरोबरची सगळी चिन्हं एका उभ्या रेषेत येतात, आणि जिथे काम नीट झालंय तिथे शेऱ्यात टाळ्यांचं चित्र. इतकं देखणं दिसतं, आत्या! आमच्या खोलीत जागा नाही म्हणून इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून लिहिलंय, त्यामुळे बरोबरीने पाठही सरळ झाली. सोबत फोटो जोडला आहे. बघ आणि खरं खरं सांग.

बाबा म्हणाले, तिला विचार, फोन का उचलत नाही? मी म्हटलं, ती कामात असते.

तुझी
ठकू

---

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. तक्रार आधी, म्हणजे आशीर्वाद शेवटी तोंडात राहतील.

फोटो पाठवत जाऊ नकोस. कोड दाखवायचा असेल तर कोडच पाठव, अक्षरांत. फोटोतला कोड म्हणजे काचेच्या कपाटातला खाऊ, दिसतो आणि हाताला लागत नाही. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायची खोड आहे, ती जेवणाच्या ताटापुरती ठेव.

दुसरं. तू मागे तुझा तिकिटांचा कोड पाठवला होतास, त्यात तिकीट_आलेलं, तिकीट_गेलेलं, तिकीट_उरलेलं अशी नावं आहेत. उलटी कर. आलेलं_तिकीट, गेलेलं_तिकीट, उरलेलं_तिकीट. फरक सांगणारा शब्द आधी यायला हवा. माणूस दारात आला की आधी त्याचं आडनाव सांगत नाहीत, कोण आलंय ते सांगतात.

नियमाचं कौतुक झालं ते वाचून बरं वाटलं. नाही म्हणणार नाही, दिवसभर स्वतःशीच हसत होते. पण तो भिंतीवर लावण्याजोगा नाही गं. सोय होती, म्हणून केला.

तुझी नक्षी देखणी असणार, तुझ्या हाताला ते वळण लहानपणापासून आहे. माझ्या वह्यांच्या समासात तू काढलेल्या वेली अजून आहेत. मला मात्र नको. साधाच कोड बरा. यावर वाद घालू नकोस.

दादाला सांग, बहीण ठणठणीत आहे. फोन उचलत नाही कारण कानात हेडफोन असतात. हाताखालच्या मंडळींची समजूत आहे की बाई दिवसभर गाणी ऐकतात. असू दे.

तुझी
आत्या

---

१ मार्च

आत्या,

नावं उलटी केली. माझ्या टीममधल्या दोघांनी नाकं मुरडली, मग आठवड्यात त्यांनीच आपापली नावं उलटी केली, आणि आता ती त्यांचीच कल्पना असल्यासारखं वागताहेत. तू सांगितलेली गोष्ट आधी विचित्र वाटते आणि मग तिच्याशिवाय चालत नाही. हे तुला जमतं कसं, मला एकदा शिकव.

पण आज मी ज्यासाठी लिहायला बसले आहे ते ऐकशील तर खुर्चीतून उठशील. कट्ट्यावर नक्षी सुसाट सुटली आहे! रोज कुणी ना कुणी लिहितं की आम्हीही लावली. आणि काल तुमच्या ऑफिसातल्या एकाने लिहिलं, ‘रक्तपेढीच्या सगळ्या फाइलींवर एका फटक्यात नक्षी चालवली, कोड उजळून निघाला.’ म्हणजे तुझ्या कोडवर माझी नक्षी! तुला नको होती, आणि ती मागच्या दाराने तुझ्याच घरात आली. आता रोज सकाळी कॉम्प्युटर उघडलास की भाचीचं तोंड दिसल्यासारखं वाटेल.

सांग ना, कसं दिसतंय?

ठकू

---

९ मार्च

चि. ठकूस,

विचारलंस म्हणून सांगते. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर साठ स्टार. मग मध्यम रंगाच्या कातडीचे टाळ्या वाजवणारे हात. मग पुन्हा साठ स्टार. मग नाव, बारा स्पेस, बरोबर. नाव, नऊ स्पेस, बरोबर. कामाची ओळ येईपर्यंत माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. हे माझ्या प्रत्येक फाइलीत, प्रत्येक पानावर. मी स्वच्छ ठेवलेलं घर कुणीतरी मला न विचारता सजवून गेलंय, आणि सगळे म्हणताहेत, बघा किती छान.

आमच्याकडे नवे साहेब आले आहेत. माणूस वाईट नाही. परवा म्हणाले, ‘बाई, तुम्ही हल्ली जरा हळू झालात का?’ मी म्हटलं, बघते. काय बघणार, कपाळ.

हा कोड माझ्याकडे आहे म्हणून मी सकाळी उठते, ठकू. कुणाचं बाळंतपण अडतं, पिशवी कमी पडते, दवाखाना पडद्यावर बघतो आणि पिशवी कुठे आहे ते त्याला दिसतं. ते दिसतं कारण मी आतलं सगळं जागच्या जागी ठेवलेलं असतं. ते माझ्या हातून गेलं तर मी काय करायचं ते मला माहीत नाही.

तू लहान आहेस, तुला काय बोलू. कट्ट्यावर माझं नाव पुन्हा काढू नकोस.

आत्या

---

१२ मार्च

आत्या,

तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा नाकाला मिरच्या झोंबल्या.

एका ओळीत किती स्टार आहेत ते कोण मोजत बसतं? मला स्वतःला माहीत नव्हतं, मी जाऊन मोजले. साठच आहेत! आणि टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या कातडीचा रंग? ते चित्र मुगाच्या दाण्याएवढं आहे. तो रंग मी निवडला होता कारण तो माझ्या हाताचा आहे. आजवर एका माणसाने त्यावर बोट ठेवलं नाही. चुका काढायच्याच म्हणून काढायच्या असतील तर माणूस असा भिंग घेऊन बसतो.

साहेब म्हणाले तू हळू झालीस, आणि त्याचं खापर माझ्या चांदण्यांवर? सगळ्या जगाला आवडलं ते एकट्या तुलाच टोचतं. तुला नवं काहीच आवडेनासं झालंय का? फोटो नको, फोन नको, चॅट नको, नक्षी नको. बाबा म्हणतात, तिचं वय झालं की तीही आजीसारखी हट्टी होणार. मी तुझ्या बाजूने त्यांच्याशी भांडले होते.

मी तुझं नाव कट्ट्यावर काढते कारण मला तुझा अभिमान आहे. नको असेल तर नाही काढणार.

ठकू

---

२१ एप्रिल

आत्या,

तू उत्तर पाठवलं नाहीस ते योग्यच केलंस. माझं ते पत्र उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतंच.

आज काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

आमच्या तिकिटांच्या ॲपसाठी बस कंपनीने नवी अट घातली आहे की ज्यांना दिसत नाही अशा प्रवाशांनाही आपलं आपण तिकीट काढता आलं पाहिजे. ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचणारा आवाज सुरू करावा लागतो. मी कानात हेडफोन घातले, आवाज सुरू केला, आणि ॲप उघडायच्या ऐवजी चुकून कोडची फाइल उघडली गेली. माझी. नक्षी केलेली.

तो आवाज म्हणाला, ‘साठ स्टार. टाळ्या वाजवणारे हात, मध्यम रंगाची कातडी. साठ स्टार.’

मग म्हणाला, ‘बारा स्पेस, बरोबर.’

मी हेडफोन काढले आणि पाणी प्यायला गेले. नळापाशी उभी राहिले, ग्लास भरून वाहून गेला तरी मला कळलं नाही. परत येऊन पुन्हा ऐकलं. शब्द तेच, क्रम तोच. तुझ्या पत्रातली ओळ तो आवाज मला वाचून दाखवत होता. तू स्टार मोजले नव्हतेस. तू कातडीचा रंग पाहिला नव्हतास. तुला ते सांगण्यात आलं होतं.

मग एकेक आठवत गेलं. फोटो नको, कारण फोटो तो आवाज वाचत नाही. फरकाचा शब्द आधी, कारण कानाला आधी तोच हवा. दिवसभर हेडफोन. आणि एका श्वासाचा नियम. मी तो तुझं तत्त्वज्ञान म्हणून जगाला विकला. तू तर म्हणाली होतीस, सोय होती.

आत्या, कधीपासून?

तू सांगितलं नाहीस याचा राग नाही. मी तुला ‘भिंग घेऊन बसतेस’ असं लिहिलं, ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तू ते पत्रही त्या आवाजातच ऐकलं असशील ना?

बाबांना काही बोलले नाही. तू म्हणशील तसं.

तुझीच
ठकू

---

२६ एप्रिल

चि. ठकूस,

थोबाडीत मारून घेऊ नकोस, गाल माझ्या भावाच्या वळणावर गेलाय, मला प्रिय आहे.

हो, ते पत्र आवाजातच ऐकलं. गंमत सांगू? यंत्राला राग येत नाही. तू इतकी फणफणून लिहिलं होतंस आणि त्याने ते बसची वेळ सांगावी तसं वाचलं. मी ऐकताना रडत होते आणि हसतही होते. उत्तर दिलं नाही कारण खरं सांगायची तयारी नव्हती आणि खोटं तुला सांगवेना.

दोन वर्षं होत आली. डोळ्याच्या मध्यभागाचा पडदा झिजतो आहे. काळोख नाही गं, घाबरू नकोस. जिकडे बघावं तिकडे मधोमध एक पुसट डाग, कडेचं सगळं दिसतं. चालता येतं, चहा करता येतो, जिना उतरता येतो. अक्षर मात्र डागात शिरतं आणि नाहीसं होतं. माणसांचंही तसंच, चेहरा सोडून बाकी सगळं. नव्या साहेबांचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. कान तेवढे दिसतात, चांगले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तेवढं राहील, गेलेलं परत येणार नाही.

पहिले काही महिने अक्षरं मोठी करत गेले. शेवटी एका पडद्यावर तीन शब्द मावायला लागले, तेव्हा हे आवाजाचं यंत्र शिकले. पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी डोक्यावर मिऱ्या वाटतंय. आता मी तो इतका वेगात लावते की दुसऱ्याला नुसती माशी गुणगुणल्यासारखं वाटेल. मला त्यात अख्खी फाइल ऐकू येते. आणि हे तुलाच सांगते, कारण तू या धंद्यातली आहेस: पूर्वी मी कोड नुसता नजरेखालून घालत असे. आता प्रत्येक ओळ ऐकावीच लागते, उडी मारता येत नाही. माझा कोड गेल्या दोन वर्षांत जितका नेटका झालाय तितका आधी कधीच नव्हता. तुझी नक्षी येईपर्यंत मी कुणापेक्षाही हळू नव्हते.

ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. दादालाही नाही. त्याला कळलं तर तो पुढच्या गाडीने येईल, आणि मला कुंड्यांसकट उचलून घरी नेऊन बसवील. प्रेमानेच नेईल, म्हणून तर भीती.

आता खरी अडचण. साहेबांनी मोठ्या पडद्याची बैठक ठरवली आहे, पुढच्या महिन्यात. प्रत्येकाने सगळ्यांसमोर आपला कोड भिंतीवर उघडायचा, साहेब तिथल्या तिथे एक बदल सांगतील, तो करून दाखवायचा. त्यावरून कुणाकडे कुठलं काम राहील ते ठरणार. मी हेडफोन लावून सगळ्यांकडे पाठ करून बसू शकत नाही. आणि आवाजाशिवाय मला त्या भिंतीवर फक्त कडा दिसतील.

आजारपण काढावं, असं मनात येतं. पण एकदा काढलं की दरवेळी काढावं लागेल.

तुझी
आत्या

---

३ मे

आत्या,

सोबत एक पुडकं पाठवते आहे. फोटो नाही, अक्षरं आहेत.

याचं नाव ‘पुसणी’. ही फाइलीला हात लावत नाही. फाइल आणि तुझा आवाज यांच्या मध्ये बसते. स्टारच्या ओळी, चित्रं, रांगेसाठी घातलेले स्पेस, हे सगळं ती गिळते आणि आवाजाला फक्त कामाचं देते. बाकीच्यांना नक्षी दिसत राहील, तुला ऐकू येणार नाही. एक कळ दाबली की सुरू, तीच दाबली की बंद.

ही लिहिताना मी पडदा बंद ठेवला. खरंच, स्क्रीनवर टॉवेल टाकला होता. इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून कानाने कोड लिहायचा प्रयत्न केला. पहिल्या दुपारी एक फंक्शन धड झालं नाही. कुठल्या ओळीवर आहे तेच कळेना. कंस उघडला की बंद केला ते आठवेना. माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, तू कुणाशी भांडते आहेस? पुसणीतल्या शेवटच्या चुका मी टॉवेल काढूनच दुरुस्त केल्या, ते कबूल करते.

आणि तू हे दोन वर्षं करते आहेस. रक्ताच्या पिशव्यांचा हिशेब सांभाळून. कुणाला पत्ता लागू न देता. वर मला नावं कशी ठेवायची ते शिकवत. मी कट्ट्यावर मोठमोठ्या लोकांचा कोड वाचून थक्क होत असते. इतकी थक्क मी कधी झाले नव्हते.

नक्षी कट्ट्यावरून काढून टाकते आहे.

बैठकीचं काय करायचं ते तू ठरव. आजारपण काढलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे. पण तू लिहिलं होतंस ना, दोन वर्षांत कोड नेटका झाला म्हणून, ते त्यांना कळायला हवं असं मला फार वाटतं. एवढंच बोलते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लवकर लिही.

ठकू

---

२२ मे

चि. ठकूस,

बैठक झाली. बसून वाच. उभी राहून वाचत असशील तर ते इस्त्रीचं टेबल घट्ट धर.

माझा नंबर मधे कुठेतरी होता. माझ्या आधीच्या सगळ्यांनी आपापला कोड भिंतीवर उघडला, साहेबांनी बदल सांगितले, कुणाचे झाले, कुणाचे अडकले. खिशात हेडफोन होते, बोटांनी त्यांची वायर गुंडाळत बसले होते. मग नाव पुकारलं. मी उठले, कॉम्प्युटरपाशी गेले, आणि हेडफोनची वायर लावायच्या जागी खोलीतल्या स्पीकरची वायर लावली.

आधी पुसणी सुरू केली नाही. मुद्दाम.

भिंतीवर माझी फाइल उघडली आणि अख्ख्या खोलीत आवाज घुमला, ‘साठ स्टार. टाळ्या वाजवणारे हात, मध्यम रंगाची कातडी. साठ स्टार.’ दोन-तीन जण खो खो हसले. साहेब म्हणाले, ‘बाई, चुकून आवाज सुरू राहिला वाटतं.’

मी म्हटलं, ‘नाही साहेब. दोन वर्षं लपवून ठेवला होता, आज सुरू केला.’

मला चेहरे दिसत नाहीत, पण खुर्च्या वाजायच्या थांबल्या ते ऐकू आलं. मी चार वाक्यांत सांगितलं, मला काय दिसतं, काय दिसत नाही. मग म्हटलं, आता माझ्या भाचीने केलेलं एक साधन सुरू करते. आणि तुझी कळ दाबली.

ठकू, तुला तिथे असायला हवं होतं. स्टार गेले, हात गेले, स्पेस गेले, आणि माझा कोड नुसता वाहायला लागला. मी तो माझ्या वेगात लावला. साहेब म्हणाले, ‘हे तुम्हाला कळतं?’ मी म्हटलं, बदल सांगा. त्यांनी सोपा सांगितला नाही. मुदत जवळ आलेली पिशवी आधी द्यायची, पण गट दुर्मिळ असेल तर आधी सगळ्या दवाखान्यांना विचारायचं, असा सांगितला. मी ऐकत ऐकत जागा शोधली, फंक्शन तोडलं, दोन केली, नवं नाव दिलं, चालवून दाखवलं. एकदा चुकीची कळ दाबली तर आवाजाने ते सगळ्यांना सांगितलं. लाजले, पुसलं, पुढे गेले.

झाल्यावर साहेबांनी आवाज हळू करायला सांगितला आणि तो नवा तुकडा पुन्हा ऐकवायला लावला. सगळे ऐकत होते. पलीकडच्या टेबलावरची आमची एक बाई म्हणाली, ‘एका श्वासात संपलं की!’ तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर तो नियम छापून लावलाय, हे मला तेव्हा कळलं. तिला ठाऊक नव्हतं की कट्ट्यावरची ती आत्या मीच. मीच सांगितलं. मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! साहेबांनी टेबलावर थापट्या मारून शांत केलं.

आता निकाल. पडद्यावरच्या रंगरूपाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते माझंच होतं, वाईट वाटलं. घरी येऊन थोडी रडलेही. पण साठ्याचं काम, आतलं, पिशव्यांचं, ते माझ्याकडेच राहिलं. तसं कागदावर आलंय. आणि यापुढे मोठ्या पडद्याच्या बैठकीत प्रत्येकाचा कोड आधी स्पीकरवर ऐकायचा, हे साहेबांनी आपणहून ठरवलं. ज्याने माझ्या फाइलींवर नक्षी चालवली होती तो येऊन म्हणाला, बाई, परत काढून टाकू का? मी म्हटलं, राहू दे, तुमच्या डोळ्यांना बरी वाटते ना. माझ्याकडे पुसणी आहे.

तूही नक्षी कट्ट्यावरून काढू नकोस. तिला एक कळ दे, हवी त्याने ठेवावी, नको त्याने पुसावी. आणि पुसणीही टाक तिथे. माझं नाव घालायचं असेल तर घाल, आता काही लपवायचं नाही.

दादाला मीच फोन करणार आहे, रविवारी सकाळी. तू तेव्हा घरी जाऊन त्याच्या शेजारी बस. तो एकदम गाडीची वेळ बघायला लागेल, त्याच्या हातातून वेळापत्रक काढून घे, आणि त्याला सांग, ती येणार नाही, तिला काम आहे.

एक राहिलं. तू त्या एकाच पत्राचं विचारलं होतंस; तुझी सगळीच पत्रं मी त्याच आवाजात ऐकते का? हो. साहेबांचे निरोप, वीजबिल, डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट, तुझं पत्र, सगळं तो एकच बाईचा कोरडा आवाज वाचतो. सगळी माणसं तिच्या तोंडी सारखी होतात. तरी तुझं पत्र लागलं की दुसऱ्या ओळीला मला कळतं, हे माझ्या ठकूचं. आणि पुसणीचा कोड ऐकताना तर पहिल्याच ओळीला कळलं. आधी सांगितलंस कोण आलंय, मग बाकीचं.

अनेक आशीर्वाद. या वेळी तक्रार नाही.

तुझी
आत्या